वचन, वस्तू आणि प्रेक्षक : राष्ट्रीय वाहन प्रदर्शनातील टाटा मोटर्स – एक चिकित्सा

प्रस्तावना

१९८६ च्या जानेवारी महिन्यात नवी दिल्लीतील प्रगती मैदानावर 'ऑटो एक्स्पो' हे राष्ट्रीय वाहन प्रदर्शन प्रथम भरले. दुसरे प्रदर्शन भरण्यास १९९३ साल उजाडावे लागले. पुढे मात्र साधारणतः दर दोन वर्षांनी ते भरत राहिले आणि २०१४ पासून मोटारगाड्यांचा विभाग ग्रेटर नोएडा येथे हलला. २०२५ च्या जानेवारीत 'भारत मोबिलिटी' या नव्या नावाच्या छत्राखाली ते पुन्हा प्रगती मैदानावर, आता भारत मंडपम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत परतले. या प्रदर्शनांविषयी विपुल छापून येते; तथापि ते प्रामुख्याने अर्थपानांवरील वृत्ताच्या अथवा गाडीच्या गुणवर्णनाच्या स्वरूपाचे असते. नाट्यप्रयोगाचे, चित्रप्रदर्शनाचे जसे परीक्षण होते, तसे वाहन प्रदर्शनाचे होत नाही. वस्तुतः तेथेही रंगमंच असतो, पडदा असतो, संहिता असते आणि प्रेक्षकवर्गही लाखांच्या घरातला असतो.

प्रस्तुत लेखात टाटा मोटर्स (२००३ पर्यंतचे नाव 'टेल्को') या एकाच उत्पादकाच्या या प्रदर्शनातील वाटचालीचा चिकित्सक विचार केला आहे. मांडलेल्या गाड्यांची जंत्री देण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न मर्यादित आहे : प्रदर्शनाच्या व्यासपीठावरून जे वचन दिले जाते, त्यात 'सामान्य माणूस' कोणत्या भूमिकेत उभा असतो? तो ग्राहक असतो, प्रेक्षक असतो, की केवळ दाखल्यापुरता उभा केलेला असतो?

हा प्रश्न रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सुचला, हे येथेच नमूद केलेले बरे. कारण लेखातील दृष्टिकोन त्या जागेने ठरला आहे. बोटी लागल्या की धक्क्यावर लिलाव होतो, बांगडा-तारलीचे क्रेट बर्फाच्या चुऱ्यासह भरले जातात आणि ते नेण्यासाठी ओळीने उभे असलेल्या टेम्पोंत '४०७' आणि 'छोटा हत्ती' ही दोन वाहने हमखास दिसतात. दोन्ही टाटांचीच. खाऱ्या पाण्याचा निथळ सतत अंगावर घेऊन खालचा पत्रा गंजलेला, मागच्या फळीवर देवाचे नाव रंगवलेले. दिल्लीच्या दालनात प्रकाशझोतात फिरत्या चौथऱ्यावर उभी असलेली गाडी आणि ही गाडी एकाच कंपनीची आहे, हे पटण्यास क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणभराच्या अंतराचा अर्थ लावणे एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

जत्रा, स्वदेशी आणि दालन

प्रदर्शन ही आपल्याकडे निव्वळ व्यापारी घटना कधीच नव्हती. राष्ट्रसभेच्या १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरवले गेले आणि पुढे १९०४ च्या मुंबई अधिवेशनासह ती प्रथा चालू राहिली. देशी कारखान्यातील वस्तू पाहणे म्हणजे देशाचे सामर्थ्य पाहणे, अशी एक पाहण्याची रीत त्यातून घडली. वस्तू विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूसही तेथे परका नव्हता. पाहिल्याने त्याचा राष्ट्राशी संबंध जुळत असे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, प्रगती मैदानावर राज रेवाल यांनी महेंद्र राज यांच्या साहाय्याने उभारलेले 'हॉल ऑफ नेशन्स' हे याच रीतीचे काँक्रीटमधील रूप होते. (ती वास्तू २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पाडण्यात आली. प्रदर्शनांच्या इतिहासात जपण्यापेक्षा उठवण्याकडे कल अधिक, याचा हा एक कष्टदायक पुरावा.)

कोकणातील वाचकाला याहून जवळची उपमा सुचेल ती शिमग्याची. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडून घरोघर जाते; देव भक्ताच्या दारी येतो. वाहन प्रदर्शनात याच्या नेमके उलट घडते. एरवी दारोदार फिरणारे वाहन तेथे गाभाऱ्यात बसवले जाते, त्यावर वस्त्र घालतात, ठरल्या मुहूर्ताला ते दूर करतात आणि दर्शनार्थी दोरीपलीकडे उभे राहतात. अनावरणाचा हा विधी इतका रूढ झाला आहे की, तो विधी आहे याचेच विस्मरण होते.

टेल्कोची पूर्वपीठिका पाहता ही कंपनी या गाभाऱ्यात उशिरा आली. १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने प्रथम रेल्वे इंजिने बांधली. १९५४ पासून डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधले. १९६९ मध्ये तो करार संपला तोवर सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या प्रकल्पाची उभारणी सुरू झालेली होती. पहिले ऑटो एक्स्पो भरले त्याच वर्षी, १९८६ मध्ये, टेल्कोने '४०७' हा हलका ट्रक बाजारात आणला. त्या सुमारास हलक्या मालवाहू गाड्यांच्या क्षेत्रात टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या होत्या आणि देशी ट्रक आता टिकत नाही, असे बोलले जात होते. ४०७ टिकला, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तो अजूनही दिसतो.

या कुळकथेतील एक तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. टेल्कोची प्रवासी गाडी मालवाहू गाडीच्या पोटी जन्मली. १९८८ चा 'टाटामोबाइल' हा पिकअप. त्याच्याच सांगाड्यावर १९९१ ची 'सिएरा' आणि १९९२ ची 'इस्टेट' उभी राहिली. १९९४ च्या 'सुमो'चे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवले गेले, जपानी मल्लांवरून नव्हे. आपल्या उभारणीकर्त्याचे नाव कंपनीने दिले ते गावोगावी दहा-बारा माणसे कोंबून धावणाऱ्या गाडीला, यात अभावितपणे का होईना औचित्य साधले गेले आहे.

इंडिका : तुलनेतून घडलेले वचन

१९९८ च्या जानेवारीतील ऑटो एक्स्पोमध्ये 'इंडिका' प्रथम लोकांसमोर आली. संपूर्ण भारतीय मोटारगाडी ही तिची ओळख. या ओळखीकडे बारकाईने पाहिले असता ती फारशी सरळ नाही असे दिसते. गाडीचे बाह्यरूप इटलीतील तुरीनच्या संस्थेच्या सहकार्याने सिद्ध झाले. जोडणीची यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद कारखान्यातून सुटी करून पुण्यास आणलेली होती. यामुळे इंडिकाचे भारतीयत्व खोटे ठरते, असा निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. आकार, इंजिन, किंमत आणि उपयोग यांविषयीचे निर्णय पुण्यात झाले. स्वदेशीचा अर्थ 'सर्व काही येथलेच' असा न घेता 'निर्णय येथला' असा घेतला, तर इंडिका त्या कसोटीस उतरते. दालनात मात्र हा सूक्ष्म अर्थ मांडता येत नव्हता. तेथे ध्वज पुरेसा होता.

इंडिकाविषयी अधिक उद्बोधक आहे ती रतन टाटांनी केलेली तिची व्याख्या : झेनएवढा आकार, अँबॅसॅडरएवढी आतील जागा, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा खर्च. चारही पदे तुलनेची आहेत, आणि ज्यांच्याशी तुलना केली त्या गाड्या प्रेक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या, बसून अनुभवलेल्या होत्या. म्हणजे वचन पडताळून पाहण्याचे साधन वचन देणाऱ्यानेच प्रेक्षकाच्या हाती ठेवले होते. डिसेंबर १९९८ मध्ये गाडी बाजारात आली, एक लाखाहून अधिक जणांनी पैसे भरून नोंदणी केली, आणि मग आरंभीच्या गाड्यांतील दोषांविषयी तक्रारींचा ओघ सुरू झाला. कंपनीने त्या ऐकल्या. २००१ साली सुधारित 'व्ही-टू' आली आणि तिने बाजार मिळवला. पुढे इंडिका टॅक्सीचालकांची गाडी झाली. घरगुती ग्राहक काहीसे दूर गेले, भाड्याने गाडी चालवणारे जवळ आले. मोटारगाडी म्हणून मांडलेली वस्तू अखेरीस पुन्हा चरितार्थाचे साधन ठरली.

याच काळात प्रदर्शनांतून मिरवलेली 'आरिया' ही दोन आसनी उघडी गाडी मात्र कधीच बाजारात आली नाही. तिचे नाव तेवढे २०१० मध्ये एका निराळ्याच मोठ्या गाडीला देण्यात आले. संकल्पना-गाडीचे हे भागधेय असते. तिच्याकडून वचनपूर्तीची अपेक्षा नसते, म्हणून तिच्यावर रागही धरता येत नाही.

१० जानेवारी २००८

या वाटचालीतील मध्यवर्ती प्रसंग अर्थातच 'नॅनो'च्या अनावरणाचा. प्रगती मैदानावरील नवव्या ऑटो एक्स्पोत रतन टाटा स्वतः गाडी चालवत रंगमंचावर आले. एक लाखाची गाडी देऊ, असे त्यांनी काही वर्षांपूर्वी म्हटले होते. वचन ते वचन, अशा अर्थाचे त्यांचे त्या दिवशीचे उद्गार जगभर गाजले. या गाडीची कल्पना कशी सुचली तेही त्यांनी सांगितले. दुचाकीवरून जाणारे एक कुटुंब : बाप चालवतो आहे, पुढे लेकरू उभे, मागे बायको आणि तिच्या कडेवर तान्हे मूल. पावसाळ्यात हे दृश्य रत्नागिरीच्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. त्यामागील कळवळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. भारतीय उद्योगपतीने आपल्या महत्त्वाकांक्षेचा उगम नफ्यात न सांगता रस्त्यावरील एका भिजणाऱ्या कुटुंबात सांगावा, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु समीक्षकाने कळवळ्याची नव्हे, मांडणीची परीक्षा करावयाची असते. इंडिकाच्या व्याख्येत प्रेक्षक तुलना करणारा, म्हणजे निवाडा करणारा होता. नॅनोच्या कथेत तो कुटुंबप्रमुख पाठमोरा आहे. आपण त्याला पाहतो. तो काही पाहत नाही, मागत नाही, बोलत नाही. कथेतील कर्ता देणारा आहे आणि घेणारा हा करुणेचा विषय आहे. दुसरे असे की, इंडिकाच्या चार पदांच्या जागी येथे एकच पद उरले, ते म्हणजे किंमत. गाडीचे सारे अवयव त्या एका आकड्याचे स्पष्टीकरण बनले : मागे बसवलेले ६२४ घनसेंटिमीटरचे दोन नळकांड्यांचे इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट, मागून न उघडणारी डिकी. यांतील प्रत्येक निर्णय अभियांत्रिकीच्या दृष्टीने विचारपूर्वक घेतलेला होता. तथापि दालनात आणि दालनाबाहेर त्यांचे वाचन 'काय काय वगळले' अशा यादीसारखे झाले.

आता त्या पाठमोऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे. कर्ज काढून, बायकोचे दागिने गहाण ठेवून तो आयुष्यातील पहिली चारचाकी घेणार. ती दारात उभी राहिली की शेजारी काय म्हणणार, हे जगातील प्रत्येक वृत्तपत्राने आधीच छापून ठेवले आहे : सर्वांत स्वस्त गाडी. त्याची ऐपत त्याच्या दारासमोर जाहीर झाली. २०१३ साली खुद्द रतन टाटांनी 'स्वस्त' हा शिक्का बसल्याची आणि त्यात कंपनीच्या विक्रीविभागाचाही वाटा असल्याची खंत बोलून दाखवली. माझ्या मते मात्र दोष विक्रीविभागापाशी सुरू झाला नाही. तो १० जानेवारीच्या संहितेतच होता. जाहिरातींनी ती संहिता प्रामाणिकपणे पुढे वाचली इतकेच.

आणखी एक गोष्ट त्या दालनात नव्हती. गाडीचा कारखाना जेथे उभा राहत होता त्या पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे सुमारे ९९७ एकर जमिनीच्या संपादनावरून २००६ पासून आंदोलन चालू होते. अनावरणानंतर आठच दिवसांनी, १८ जानेवारीस, कलकत्ता उच्च न्यायालयाने ते संपादन वैध ठरवले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सिंगूर सोडून गुजरातेतील साणंद गाठले. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश दिला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने कंपनीस ७६५.७८ कोटी रुपये द्यावेत असा निवाडा केला. न्याय कोणाच्या बाजूचा, हा येथे विषय नाही. मुद्दा एवढाच की, एका सामान्य कुटुंबाची प्रतिमा मंचावर असताना दुसरी अनेक सामान्य कुटुंबे त्याच वस्तूच्या संदर्भात न्यायालयाच्या दारात उभी होती, आणि प्रदर्शनाच्या रचनेत त्यांना जागा असणे संभवनीयच नव्हते. प्रदर्शन वस्तू दाखवते. ती ज्या जमिनीवर घडते ती जमीन गालिच्याखाली जाते.

नॅनोच्या पीछेहाटीची इतर कारणे नाकारण्यात अर्थ नाही. स्थलांतराने झालेला उशीर, काही गाड्यांना आग लागल्याच्या घटना, २३ मार्च २००९ रोजी बाजारात येईपर्यंत दिल्लीतील किमान किंमत सव्वा लाखाच्या घरात जाणे, ही सर्व कारणे खरी आहेत. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. विक्री कोणत्याही वर्षी तिच्या तृतीयांशालाही पोहोचली नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले. तरीही एवढी कारणे पुरेशी वाटत नाहीत, याचे कारण 'छोटा हत्ती'.

पडद्याविना आलेली गाडी

टाटा 'एस' हा लहान मालवाहू ट्रक मे २००५ मध्ये पुण्यात सादर झाला. ते ऑटो एक्स्पोचे वर्ष नव्हते. सुमारे सव्वादोन लाख किंमत, पाऊण टन भारक्षमता, सातशे घनसेंटिमीटरचे दोन नळकांड्यांचे डिझेल इंजिन. विशेष लक्षणीय बाब ही की, एसच्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे अभियंता गिरीश वाघ यांच्याकडेच पुढे नॅनोचा प्रकल्प सोपवला गेला. म्हणजे माणसे तीच, काटकसरीची विद्याही तीच. फरक होता तो आरंभबिंदूत. वाघ आणि त्यांचे सहकारी तीनचाकी मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांना जाऊन भेटले आणि चारचाकी कशाला हवी असे विचारते झाले. त्यांपैकी एकाने दिलेले उत्तर वाघ यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे : चारचाकी असेल तर लग्नासाठी चांगले स्थळ येईल.

हे उत्तर हसून सोडून देण्याजोगे नाही. मालवाहू गाडीकडून मागितले गेले ते भारक्षमतेच्या आधी प्रतिष्ठेचे माप. येथे सामान्य माणूस पाठमोरा नाही. तो समोर बसून स्वतःविषयी बोलतो आहे, आणि त्याचे म्हणणे करुणेचे नसून आकांक्षेचे आहे. एसला सर्वांत स्वस्त ट्रक असे कोणी म्हटले नाही. लोकांनीच तिचे नाव ठेवले, तेही हत्तीचे. दोन वर्षांच्या आत एक लाख एस विकल्या गेल्या. मिरकरवाड्यावर आज ती मासे नेते, आंब्याच्या हंगामात पेट्या नेते, गणपतीच्या आधी मूर्ती आणते. मालकाचे नाव, मुलांची नावे, कुलदेवता, सारे तिच्या अंगावर रंगवलेले असते. नॅनोवर कोणी नावे रंगवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल की, मालवाहू गाडी मिळवून देते आणि मोटार खर्चात घालते. म्हणून दोहोंची तुलना गैरलागू आहे. आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. कर्जाचा हप्ता माशांच्या फेऱ्यांतून सुटत असेल तर खरेदीचा निर्णय सोपा होतो. परंतु लग्नाच्या स्थळाचे उत्तर हे हप्त्याच्या हिशोबात बसत नाही. दोन्ही गाड्या विकत घेताना मनुष्य स्वतःचे मोल ठरवत होता. एका गाडीने ते ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे ठेवला, तर दुसरीने तो मंचावरून परस्पर वापरला.

२०१० नंतरचे दालन

नॅनोनंतरच्या दालनांत संयम आला. २०१४ मध्ये 'झेस्ट' व 'बोल्ट', २०१६ मध्ये 'हेक्सा' आणि 'झिका'. या शेवटच्या नावाची गंमत अशी की, त्याच सुमारास झिका विषाणूची साथ पसरली. नाव बदलण्याचा निर्णय झाला, परंतु फलक तयार असल्याने प्रदर्शनात गाडी जुन्याच नावाने उभी राहिली आणि नंतर 'टियागो' झाली. २०१८ च्या 'एच५एक्स' व '४५एक्स' या संकल्पना अनुक्रमे 'हॅरियर' व 'अल्ट्रोझ' म्हणून, तर २०२० ची 'एचबीएक्स' ही २०२१ मध्ये 'पंच' म्हणून फारसा बदल न होता रस्त्यावर आली. २०२४ या वर्षात पंच ही देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. दाखवलेले आणि दिलेले यांतील अंतर कमी झाले, याचे श्रेय कंपनीला द्यावयास हवे. २०२३ च्या प्रदर्शनाकडे महिंद्रसह अनेक उत्पादकांनी पाठ फिरवली असताना टाटांचे दालन तेथे होते, हीही नोंद आवश्यक आहे.

मात्र वचन विश्वासार्ह होत गेले, तसा वचनातून सामान्य माणूस नाहीसा झाला. आता मंचावर दुचाकीवरील कुटुंब नाही. बॅटरीची क्षमता आहे, पडद्यांची संख्या आहे. कदाचित अपयशाने पोळल्यानंतर हे स्वाभाविक असेल. २०२० मध्ये 'सिएरा' विजेवरील संकल्पना म्हणून पुन्हा अवतरली, २०२३ मध्ये अधिक स्पष्ट रूपात, २०२५ च्या जानेवारीत जवळजवळ अंतिम रूपात. दर वेळी प्रेक्षकांना १९९१ ची आठवण करून देण्यात आली. त्या आठवणीत मागच्या वळणदार काचा होत्या. टाटामोबाइल पिकअपचा सांगाडा मात्र नव्हता. स्मरणरंजनालाही आपली निवड करावी लागते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीचे मालवाहू आणि प्रवासी वाहनांचे व्यवसाय कायद्याने विभक्त होऊन दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एसचा नवा अवतार 'एस प्रो' ३.९९ लाख रुपयांपासून विक्रीस आला होता. कोकण किनाऱ्यावर तो मासेमारीबंदीचा काळ, त्यामुळे मिरकरवाड्यात बोटी उभ्या होत्या आणि टेम्पोंना काम नव्हते. नोव्हेंबरच्या २५ तारखेस सिएरा ११.४९ लाखांपासून बाजारात आली. पिकअपच्या सांगाड्यावर जन्मलेली गाडी आणि तो वंश पुढे चालवणारा छोटा ट्रक आता एका कंपनीच्या नावावरही राहिलेले नाहीत.